पंचाचा जबडा

चंपतरावांचा जबडा अडकला तो एका बुधवारी सकाळी, राखुंडीनं दात घासताना. कोर्टाची तारीख पुढच्या गुरुवारी होती. म्हणजे जबड्यानं आठ दिवस आधी कळवलं. सरकारी समन्सही इतक्या वेळेत येत नाही.

बोट दाढांपर्यंत गेलं, परत निघालं आणि चूळ भरायला तोंड उघडावं तर ते एका बोटाच्या रुंदीला येऊन थांबलं. पुढे जाईना. डाव्या कानासमोर अशी कळ उठली की डोळ्यांत पाणी आलं. गेली दीड-दोन वर्षं घास चावताना त्या जागी ‘कट्’ असा आवाज यायचा. शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्यालाही तो ऐकू जायचा. आज आवाज आला नाही. चंपतरावांना क्षणभर बरंच वाटलं, की चला, एक खोड गेली.

“का झालं?” प्रयागबाईनं चुलीपुढून विचारलं.

“तोंड उघडून नाई राह्यलं.”

हे वाक्य त्यांनी मिटल्या दातांमधूनच काढलं आणि ते बायकोला नीट कळलं. कळलं हे चंपतरावांनाही कळलं. तिथून पुढे त्यांनी बोलणं बंद केलं.

असं का केलं ते समजायचं तर चंपतराव कोण होते ते सांगायला हवं. आंध्रातल्या भैंसा गावाहून दोन कोसांवर बोरखेड. तिथून पुढे चार शेतं ओलांडली की महाराष्ट्र. चंपतरावांना आठ एकर कापूस होता, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती, पंच म्हणून होती. कोणी विहिरीत पडलं, कोणाला साप चावला, कापसाच्या गंजीला आग लागली, की जमादार यायचा आणि आधी चंपतरावांना बोलावणं धाडायचा. पूर्वी हे पोलीस पटेलाचं काम, आणि चंपतराव त्या पटेलाचं दप्तर काखेत धरून मागं चालणारे. पुढे सरकारनं पटेलक्या काढून घेतल्या. पटेल घरी बसला. चंपतराव मात्र चालत राहिले.

जमादार बदलले, चंपतराव बदलले नाहीत, कारण असा पंच मिळणं सोपं नव्हतं. ते वेळेवर यायचे, बोट दाखवतील तिथे उभे राहायचे, चहा प्यायचे आणि सही करायचे. पंचनामा तेलुगूत असायचा. चंपतरावांची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. तेलुगू त्यांना बाजारात भाव करण्यापुरती यायची, वाचायची कधी वेळच आली नव्हती. पण कागदाखाली ‘चंपतराव’ ही अक्षरं ते अशी काढायचे की वरचा मजकूर त्यांच्यापुढे गबाळा दिसावा. तेवीस वर्षांत एकाही पंचनाम्यात काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नव्हतं. विचारणारे पंच दुसऱ्यांदा बोलावले जात नाहीत.

फक्त एकदा विचारलं होतं. तीन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात.

गावातल्या बड्या घरच्या सुधाकररावांची सून जळून मेली होती. रुख्मिणी तिचं नाव. शेजारच्या माळेगावच्या बयनाबाईची एकुलती एक लेक. बयनाबाई विधवा, विहिरीकडेला भाजीचे वाफे करून डोक्यावरच्या टोपल्यात विकणारी. चंपतराव गेले तेव्हा रुख्मिणी गोठ्यात पडली होती, दावणीजवळ. बैल आधीच कोणीतरी सोडून बाहेर बांधले होते. जमादारानं दोन पानं लिहिली, घडाघडा वाचली, चंपतरावांनी सही केली. परतताना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, “का लिवलं, साहेब?”

“रसोई में स्टोव भडक गया,” जमादार म्हणाला.

सुधाकररावांच्या घरात स्टोव नव्हता. त्यांच्या आईला स्टोवच्या भाकरीला घासलेटाचा वास यायचा, म्हणून त्या घरात कापसाच्या पऱ्हाटीवरच्या चुलीशिवाय काही पेटत नसे. हे बोरखेडातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

“बरं,” चंपतराव म्हणाले होते.

तेवढंच. पण त्या रात्रीपासून ते झोपेत दात खायला लागले. प्रयागबाईच्या सांगण्याप्रमाणे जात्यात वाळू पडावी तसा आवाज होता. आणि आता बयनाबाईच्या फिर्यादीवरून तीन वर्षांनी खटला उभा राहिला होता. जमादार मधल्या काळात हृदयविकारानं गेला होता, दुसरा पंच गाव सोडून कुठे गेला त्याचा पत्ता नव्हता. गोठ्यात रुख्मिणीला पाहिलेला आणि तोंड असलेला माणूस एकच उरला होता. त्याचं तोंड बुधवारी सकाळी बंद झालं.

गावानं निदानाला उशीर लावला नाही. पहिलं निदान धनुर्वाताचं. ते कंपाउंडरनं केलं आणि सुई टोचून मोकळा झाला. चंपतराव दुपारपर्यंत मेले नाहीत तेव्हा ते निदान मागे पडलं. दुसरं निदान म्हाताऱ्यांचं, की कानात वारा भरला. त्यावर चुना आणि हळदीचा लेप गालावर थापण्यात आला. तो सुकल्यावर गाल हलवणंही दुखायला लागलं. तिसरं निदान धोंडीबा न्हाव्याचं. धोंडीबा दाढ्या करायचा आणि दाढाही काढायचा. त्यानं गालावर बोट ठेवून सांगितलं, “अक्कलदाढेनं धरलं. काढून टाकतो.”

दाढ काढायला तोंड उघडावं लागतं, ही अडचण त्याच्या लक्षात नंतर आली. पण तो माघार घेणारा नव्हता. त्यानं बाभळीची पाचर समोरच्या दातांत घातली आणि तळव्यानं ठोकली. पाचर आत गेली नाही. वरच्या दाताचा टवका मात्र बाहेर आला. चंपतरावांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून ओसरीवरची माणसं उठून गेली. धोंडीबानं टवका धुऊन प्रयागबाईच्या हातात ठेवला. “ठेवजा,” तो म्हणाला, “डॉक्टरले दाखवाले काम येते.”

चौथं निदान कोणी तोंडावर बोललं नाही. ते पारावर बोललं गेलं. सोंग.

याच दिवसांत बयनाबाई यायला लागली. टोपली दाराशी उतरवायची आणि पदराखालून जोंधळ्याच्या आंबिलीचा तांब्या काढायची. पातळ, ताकातली, मिठाची. एका बोटाच्या फटीतून दुसरं काही जाणं शक्य नव्हतं. ती समोर बसायची, चंपतराव शेवटचा घोट घेईपर्यंत हलायची नाही. साक्ष देणारा माणूस आठ दिवस जगला पाहिजे, एवढाच तिचा हिशेब होता. कोर्टाबद्दल ती चकार शब्द काढत नसे. तिनं शिव्या दिल्या असत्या तर चंपतरावांना सोपं गेलं असतं. ते खाली मान घालून ओरपायचे आणि रिकामा तांब्या उलटा करून दाखवायचे, लहान मूल दाखवतं तसा.

“उद्या लसूण घालून आणतो,” ती म्हणायची आणि टोपली उचलायची.

शनिवारी सुधाकरराव जीप घेऊन आले. ते आले म्हणजे ओसरीवर घोंगडी अंथरावी लागे. बसले, चंपतरावांच्या सुजल्या गालाकडे मायेनं पाहत राहिले.

“अरारा. का हाल करून घेतले, चंपतराव. बोलता बी येऊन नाई राह्यलं म्हणते?”

चंपतरावांनी मान हलवली.

“लिवता?”

चंपतरावांनी विचार करून पुन्हा नकारार्थी मान हलवली. जबड्याचा आणि लिहिण्याचा काय संबंध, हे विचारायचं सुधाकररावांनी टाळलं. ते जाणते गृहस्थ होते.

“कोर्टाचं टेन्शन घेऊ नका. सही तुमची हाय का म्हून इचारतीन, मान हालवली का झालं. पण जिवाले त्रास असन त तारीख वाढवून घेऊ. चला, आपल्या डॉक्टरचा कागद आणू.”

प्रयागबाई दारातून म्हणाली, “कागदानं जबडा उघडते का, भाऊ?”

“कागदानं का नाई होत, वैनी?” सुधाकरराव हसून म्हणाले, आणि त्यांना ते खरंच माहीत होतं.

डॉक्टर भैंशाच्या बाजारात एका जिनिंगच्या मागे बसायचा. त्यानं जबड्याला हात लावला नाही. नाडी पाहिली, सुधाकररावांकडे पाहिलं, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि तेलुगूत अर्धं पान लिहिलं. चंपतरावांना वाटलं, तारीख वाढवायचा अर्ज. तारीख वाढली तर पाऊस लागेल, पाऊस लागला की पेरणी, पेरणीत कोणाला साक्षी आठवतात. खाली रिकामी जागा होती. डॉक्टरनं पेन पुढे केलं. चंपतरावांनी सही केली. सुंदर आली.

रविवारी प्रयागबाईनं विषयच काढला नाही. सोमवारी पहाटे तिनं लुगड्याची घडी मोडली, नवऱ्याचं धोतर उशाशी ठेवलं आणि म्हणाली, “जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं हाय. सरकारी दाताची डॉक्टरीण आली म्हणते. चला.”

चंपतरावांनी जबड्याकडे बोट दाखवून ‘बरं आहे’ अशा अर्थाची खूण केली.

“बरं असन त बोला.”

चंपतरावांनी धोतर नेसलं.

डॉक्टरीण खालच्या आंध्रातली, तिकडच्या कृष्णाकाठची असावी. हिंदी बोलता बोलता तेलुगूत घसरायची. वय पंचविशीच्या आसपास. तिच्या खोलीत एक मोडकी खुर्ची, एक दिवा आणि भिंतीवर कवटीचं चित्र होतं. ‘नोरु, नोरु’ करत तिनं तोंड उघडायला सांगितलं. एक बोट उघडलं. तिनं दोन्ही कानांसमोर बोटं ठेवली आणि पुन्हा उघडायला, मिटायला लावलं. मग हातात आरसा दिला. चंपतरावांनी पाहिलं, तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली जात नव्हती, डावीकडे पळत होती, जणू उजवीकडे कोणी ओळखीचं बसलंय आणि त्याला तोंड दाखवायचं नाही.

“आधी कट् वाजत होतं?”

प्रयागबाई म्हणाली, वाजत होतं.

“बुधवारपासून बंद?”

बंद.

डॉक्टरणीनं मान हलवली. मग तिनं पुष्कळ विचारलं. कधी हनुवटीवर पडलात का? नाही. सुपारी? रोज. उजव्या दाढा? दोन गेल्या, दहा वर्षं झाली. म्हणजे चावणं सगळं डावीकडून. मग तिनं ओठ बाजूला करून दिवा मारला. चंपतरावांचे दात झिजून सपाट झाले होते, सगळे एका पातळीत, पाट्यासारखे. समोरच्या दाताचा टवका कसा गेला ते तिनं विचारलं; प्रयागबाईनं धोंडीबाचं नाव सांगितलं. डॉक्टरणीनं ते लिहून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं असावं.

“झोपेत दात खातात?”

“तीन वर्सं झाली,” प्रयागबाई म्हणाली. “चैतात तीन झाली.”

इतकं नेमकं उत्तर डॉक्टरणीला क्वचित मिळत असावं. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग कवटीच्या चित्राशी जाऊन पेन्सिलीनं जागा दाखवली. इथे कवटी, इथे जबड्याचं हाड, आणि हाडाला हाड लागू नये म्हणून मध्ये एक मऊ गादी. माणूस वर्षानुवर्षं दात आवळत राहिला की ती पुढे सरकते. वाजते तोवर जागेवर ये-जा करते. वाजायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही, पुढे जाऊन अडकली. दाराखाली खडा अडकावा तशी. मग दार उघडत नाही, आणि लोक दाराला शिव्या देतात.

तिनं दोन्ही अंगठ्यांना कापड गुंडाळलं, खालच्या दाढांवर कसेबसे टेकवले आणि खाली दाबत जबडा पुढे ओढला. तिच्या हातांत एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. चंपतरावांनी खुर्चीचा दांडा धरला. घशातून जनावरासारखा आवाज निघाला. तिनं सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा आत काहीतरी सरकलं, आणि एका बोटाच्या जागी दोन बोटं गेली.

“तीन जायला पाहिजेत. हळूहळू जातील. अब बोलो कुछ.”

चंपतरावांनी तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला.

“पाच दिवस झाले, बाई, हे बोलूनच नाई राह्यले,” प्रयागबाई म्हणाली.

डॉक्टरीण हात धूत होती. नळ बंद करून वळली. “बात करने को कितना मुँह लगता है? एक बोटसुद्धा नाही लागत. मी दात मिटून बोलते, बघा.” आणि तिनं दात मिटून त्यांचं नाव, गाव आणि तारीख स्वच्छ म्हणून दाखवली. “दर्द सच्चा है. नाटक नहीं है, किसी को बोलने मत देना. लेकिन आवाज बंद हुआ, वो जोड़ ने नहीं किया.”

चंपतरावांना गेल्या पाच दिवसांत इतकं उघडं कुठेच वाटलं नव्हतं, धोंडीबाच्या पाचरीपुढेही नाही. पारावरच्यांनी सोंग म्हटलं होतं, ते खोटं ठरलं. ते ज्या आजाराच्या आडोशाला बसले होते, तोही खोटा ठरला. दोन्ही निकाल एकाच बाईनं एका दमात दिले होते, आणि फी नव्हती.

तिनं चिठ्ठी लिहिली. मऊ अन्न, कोमट शेक, स्नायू सैल पडायच्या गोळ्या, सुपारी बंद. पंधरा दिवसांनी या, दातांचा साचा घेऊन रात्री घालायची पट्टी करू. आणि दिवसभर एक गोष्ट लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, दात सुटे. तोंड मिटून ठेवा म्हणणारे चंपतरावांना तेवीस वर्षांत पुष्कळ भेटले होते. आतून कसं ठेवायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत दोघं मागच्या बाकावर बसले. निर्मळ गाव मागे पडल्यावर चंपतराव म्हणाले, “भूक लागली.”

प्रयागबाईनं पिशवीतून ताकभाताचा डबा काढला. ते खात असताना ती खिडकीबाहेर बघत होती. “गुरवारी का सांगान?”

“पाहीन.”

“पाह्यलं त तुमी तवाच. आता सांगाचं राह्यलं.”

चंपतरावांनी भात गिळला. मग म्हणाले, “सुधाकरराव गावात राहू देनार नाई.”

“नाई त नाई. तीन वर्सं तुमचे दात आयकून राह्यली मी. तुमाले का वाटते, मले झोप लागते?”

मंगळवारी आणि बुधवारी चंपतराव गोठ्यात बसून साक्षीची तयारी करत होते. वकील सांगतो तशी नव्हे. त्यांनी आयुष्यात लागोपाठ तीन खरी वाक्यं सरकारपुढे बोलली नव्हती, म्हणून सराव लागत होता. बैल समोर रवंथ करत होता. त्याचा जबडा डावीउजवीकडे असा मोकळा फिरत होता की चंपतरावांना हेवा वाटला. “घरात स्टोव नव्हता,” ते त्याला सांगायचे. “पोरगी गोठ्यात पडेल व्हती. म्या माह्या डोयानं पाह्यलं.” पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दहाव्यांदा फुटला. बुधवारी संध्याकाळी बयनाबाई तांब्या घेऊन आली तेव्हा त्यांनी आंबील संपवली आणि म्हणाले, “उद्या येजो. सांगतो मी.”

तिनं रिकामा तांब्या पदराखाली घेतला. “लसूण जास्त झाला का?” तिनं विचारलं आणि उत्तर न घेता निघून गेली.

गुरुवारी मोठ्या कोर्टात नाव पुकारलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चंपतराव पिंजऱ्यात चढले. गालावरच्या चुन्याची एक पापडी अजून कानामागे होती. न्यायाधीश चष्म्यातून कागद बघत होते, आरोपीच्या बाकावर सुधाकरराव मुलासोबत बसले होते, कोर्टाचा कारकून दुभाष्याचं काम करायला उभा होता. कारकून भैंशाकडचाच, मराठी उत्तम जाणणारा.

सरकारी वकिलानं पंचनामा पुढे केला. ही सही तुमची?

“व्हय.”

दातांमधून आलं, पण आलं. वकील पंचनामा मिटून खाली बसायला लागला. त्याला एवढंच विचारायचं होतं.

“साहेब,” चंपतराव म्हणाले, “सही माही हाय. पण थ्या घरात स्टोव नव्हता. पोरगी गोठ्यात पडेल व्हती, दावणीपाशी. म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

कारकुनानं ते तेलुगूत सांगितलं, एकही शब्द न गाळता. कोर्टात थोडी हालचाल झाली. न्यायाधीशांनी पहिल्यांदा मान वर केली. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बयनाबाईनं टोपलीवरचा हात काढला. चंपतरावांना आपल्या डाव्या कानासमोर काहीतरी सैल पडल्यासारखं वाटलं, आणि बहुधा ते वैद्यकीयदृष्ट्याही खरं असावं.

मग सुधाकररावांचा वकील उठला. त्याला घाई नव्हती. त्यानं एक कागद पुढे ठेवला, भैंशाच्या डॉक्टरचा. न्यायाधीशांनी वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि चंपतरावांना हिंदीत विचारलं, “ये दस्तखत आपका?”

चंपतरावांनी पाहिलं. सही सुंदर होती, दुसऱ्या कोणाची असणं शक्यच नव्हतं. “व्हय, साहेब.”

“मालूम है इसमें क्या लिखा है?”

“तारीख वाढवाचा अर्ज.”

कारकुनानं कागद हातात घेऊन मराठीत वाचला. तो वाचताना त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. सदर इसमास जबड्याचा विकार असून तो मेंदूपर्यंत गेला आहे. त्यास बोलता येत नाही. बोलल्यास ते भ्रमात असते, आणि मागच्या गोष्टींची त्यास आठवण राहत नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, मान्य आहे. खाली सही.

“मले वाचून नाई दाखवलं कोणी,” चंपतराव म्हणाले.

“तर मग सही कशी केली?”

या प्रश्नाला चंपतरावांकडे उत्तर होतं. तेवीस वर्षांचं होतं. पण ते एका कोर्टात सांगण्याजोगं नव्हतं, कारण ते सांगितलं असतं तर साठ-सत्तर पंचनामे कपाटातून खाली पडले असते.

प्रयागबाई मागून पुढे आली. तिनं सरकारी दवाखान्याची चिठ्ठी कारकुनाच्या हातात दिली. “हे पाहा, साहेब. सरकारी डॉक्टरनं तपासलं. थे म्हणे, बोलता येते.”

कारकुनानं चिठ्ठी उलटसुलट केली. त्यात शेक होता, गोळ्या होत्या, मऊ अन्न होतं. बोलण्याबद्दल काही नव्हतं. डॉक्टरणीला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. माणूस बोलतो हे कोण लिहून देतं.

न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी चंपतरावांना बसायला स्टूल द्यायला लावलं, पाणी मागवलं. सरकारी वकिलाला आणखी काही विचारायचंय का ते दोनदा विचारलं. सरकारी वकिलानं घड्याळ पाहून नाही म्हटलं. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं आणि टाइपरायटर वाजू लागला. साक्षीदारानं पंचनाम्यावरची सही ओळखली. पंचनामा शाबीत. बाकीचं बोलणं आजारपणामुळे विचारात घेण्यासारखं नाही. शेवटी न्यायाधीश स्वतःहून, मनापासून म्हणाले, “इलाज करवाइए. जबड़े का दर्द बहुत खराब होता है, मेरी बीवी को भी है.”

खाली सही करायची होती. चंपतरावांनी पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. तेलुगू अक्षरं एकमेकांना चिकटून ओळीनं बसली होती. कारकून हळूच म्हणाला, “काका, करा. मागे लोक थांबले.” नाही केली असती तर काय झालं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी केली.

बाहेर ऊन होतं. सुधाकरराव जीपपाशी थांबले होते. “येता का, चंपतराव?” त्यांनी विचारलं, अगदी पूर्वीसारखं. प्रयागबाईनं नवऱ्याचा दंड धरला आणि दुसरीकडे वळवला.

बयनाबाई आवारातल्या बोअरिंगपाशी हातपाय धूत होती. चंपतराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. घाम आला होता, गालात ठणका लागला होता, तरी तोंड पुरतं दोन बोटं उघडून, एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, “बयना, थ्या घरात स्टोव नव्हता. रुखमा गोठ्यात व्हती. म्या पाह्यलं, बयना.”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मले काऊन सांगून राह्यले, दादा?” ती म्हणाली. “थ्या घरची चूल म्याच घातली व्हती. सासू रुखमाले म्हणे, तुह्या आईचा हात चांगला हाय, बलाव. दोन दिस लागले मले. रुखमानं माती कालवली.”

चंपतरावांचं तोंड तसंच उघडं राहिलं. बयनाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली. टोपलीत विकायच्या राहिलेल्या वांग्यांवर ओलं फडकं होतं. ती खाली वाकली, पण टोपली एकटीला उचलेना. प्रयागबाई पुढे झाली आणि तिनं हात लावला. मग तीही टोपलीच्या मागोमाग एसटीच्या दिशेनं चालू लागली. नवरा येतोय की नाही हे तिनं वळून पाहिलं नाही.